उभ्याने घेतलेलं माप

आमच्या खात्यात मला फौजदार म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही. आमच्या मशीनच्या खोलीच्या भिंती पुरुषभर जाड आहेत, तरी एवढं मात्र त्यातून आरपार ऐकू येतं. मी रेडिएशन देणारा टेक्निशियन. पेशंट त्याला शेक म्हणतात, मीही म्हणतो. सव्वीस वर्षं मी माणसांना टेबलावर झोपवतोय, त्यांच्या अंगावरच्या रेघा मशीनच्या लाल उजेडाशी जुळवतोय, दार लावून बाहेर येतोय आणि बटण दाबतोय. माझ्या नाकावर राग असतो. चष्माही तिथेच असल्यामुळे जागेची थोडी अडचण होते.

आता मी लिहितोय ते एका शिवणकाम करणाऱ्या बाईंबद्दल. गोष्ट त्यांची आहे आणि लाज माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून सांगायची माझी सवय काय गुण उधळते ते पुढे येईलच.

त्यांना मी मास्तरीणबाई म्हणायचो. कपडे बेतणाऱ्या माणसाला मास्तर म्हणतात, म्हणून या मास्तरीण. वय अठ्ठावन्न. अंगाने बारीक, पण पोट मात्र उगाच पुढे आलेलं आणि सैल, तीन ऑपरेशनांच्या आडव्याउभ्या टाक्यांचं. पहिल्यांदा खात्यात आल्या तेव्हा बाकावर सगळे बसले होते आणि या भिंतीला टेकून उभ्या. मी दारातून ओरडलो, "बसून घ्या, नंबर यायला वेळ आहे." तर म्हणाल्या, "बसता आलं असतं तर इथे कशाला आले असते?" बाकावरची माणसं हसली. मला ते आवडलं नाही. ओरडायचा मान माझा आणि हशा त्यांना, हे कसं चालेल.

त्यांची फाइल चांगलीच जाड होती. अंडाशयातली गाठ, पण नेहमीची नव्हे. शंभरात चारपाच जणींना होते त्या जातीची. ही गाठ सावकाश वाढते, काढली की माणूस बरा होतो, आणि सगळे तिला विसरले की शांतपणे परत येते. मास्तरीणबाईंची पहिली गाठ चौदा वर्षांपूर्वी काढली. आठ वर्षांनी ती परत आली, परत काढली. मग चार वर्षांनी. आता चौथ्यांदा आली होती ती खाली कमरेच्या हाडाला चिकटून, नसांना दाबत, आणि सर्जनने सांगितलं होतं की आता सुरी चालवायला जागा नाही. औषधं देऊन झाली होती. अधूनमधून रक्त जायचं आणि बसलं की कळ थेट पायात उतरायची.

आमच्या डॉक्टरबाई गोलगोल बोलत नाहीत. त्यांनी समोर सांगितलं, "हा शेक गाठ घालवण्यासाठी नाही. दुखणं आणि रक्त कमी व्हावं म्हणून आहे. दहा दिवस."

"गाठ राहू दे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तिची माझी जुनी ओळख आहे. मला बसता येईल का तेवढं सांगा."

"बहुतेक येईल. लगेच नाही. दोनतीन आठवड्यांनी."

"किती दिवस?"

"काही महिने तरी."

"मग पुरे."

ते पुरे कशाला, हे मला त्यांच्या भाचीकडून कळलं. भाची बावीस वर्षांची. तिची आई, म्हणजे मास्तरीणबाईंची बहीण, लवकर गेली. तेव्हापासून मावशीनेच तिला वाढवलं. दुकान एका खोलीचं, पुढे शिवायचं मशीन आणि बेतायचं टेबल, मागे राहायची जागा. भाचीला बेतायला येत होतं, सरळ शिलाई येत होती, पण बाही बसवता येत नव्हती. बाही जिथे जोडायची त्या मुंढ्याचा गोल आणि बाहीचा गोल, दोन्हींचं माप कधी सारखं नसतं, मोठा गोल लहानात चुणी न पडता बसवायचा असतो. ते तोंडाने सांगून येत नाही. शिकवणाऱ्याने मशीनवर बसावं लागतं, कापडावर त्याचा हात आणि त्याच्या हातावर शिकणाऱ्याचा हात. मास्तरीणबाईंना सात महिने बसता आलेलं नव्हतं. गिऱ्हाइकं एकेक करून दुसरीकडे जात होती. बाही न येणाऱ्या मुलीच्या हातात दुकान देणं म्हणजे बिनदोऱ्याची सुई देणं, असं त्या म्हणायच्या.

तर एवढंच मागणं होतं. बसता यावं.

शेकाच्या आधी एक दिवस रेघा काढण्याचा असतो. पेशंटला टेबलावर उताणं झोपवून, फोटो काढून, कुठे शेक द्यायचा ते ठरवतात आणि अंगावर शाईच्या तीन फुल्या काढतात. एक पोटावर, दोन दोन्ही कुशींना. डॉक्टरबाई मोजतात आणि मोठ्याने बोलतात, कागद हातात धरलेला माणूस लिहितो. आमच्या खात्यात हा नियमच आहे. आकडा बघणारा एक, लिहिणारा दुसरा. त्या दिवशी लिहिणारा मी होतो.

"बेंबीपासून खाली आठ. हाडापासून खाली चार, दोन्ही बाजूंना. टेबलापासून वर अकरा."

टेबलावर मास्तरीणबाईंचे ओठ हलत होते. मी म्हणालो, "बोलू नका, पोट हलतं."

"बोलत नाही. पाठ करतेय. आमच्यात पण असंच असतं. एकाने माप सांगायचं, एकाने उतरवायचं. चौदाव्या वर्षी मला आत्याने कामाला बसवलं तेव्हा दोन वर्षं मी नुसती मापं उतरवली. पट्टी धरू दिली नाही तिने."

"हलू नका," मी म्हणालो.

पहिल्या शेकाच्या दिवशी माझ्या डोक्यात आधीच राख गेलेली होती. एक आजोबा घसघसून आंघोळ करून, फुल्या धुऊन आले होते. बाहेरच्या बाकांसमोर, वीसपंचवीस माणसांदेखत, मी त्यांची चंपी केली. मग सगळ्यांकडे वळून म्हणालो, "कान उघडे ठेवून ऐका. रेघ गेली तर सगळं पहिल्यापासून. परत नंबर, परत फोटो, परत आठवडाभर थांबायचं. इथे कुणी रिकामं बसलेलं नाही." आणि मास्तरीणबाई नवीन होत्या म्हणून त्यांच्याकडे बोट करून, "तुम्हीसुद्धा."

हे खोटं होतं. रेघ गेली तर पेशंटने तसं सांगायचं, मग आम्ही परत झोपवून, कागद बघून, वीस मिनिटांत काढतो. आठवडा वगैरे काही लागत नाही. पण भीती घातली की रेघा टिकतात, असा माझा अनुभव, आणि तो मी नव्या मुलांना ज्ञान म्हणून वाटायचो.

सोमवार, मंगळवार ठीक गेले. रोज जुळवताना त्यांची जीभ चालूच असे. कुणाचा खांदा वाकडा होता आणि त्यांनी कोटात कापूस भरून तो सरळ केला. कुणी बाई दर वर्षी तेच माप सांगायची आणि या दर वर्षी गुपचूप दोन बोटं कापड जास्त ठेवायच्या. एका नवऱ्या मुलाने सासऱ्याचं माप पाठवलं, स्वतःचं समजून. मी हूं म्हणायचो. हसू यायचं, पण फौजदाराने हसायचं नसतं. माझ्या पांढऱ्या कोटाचा खिसा एका बाजूने उसवलेला होता, तो त्यांनी पहिल्याच दिवशी हेरला होता. "चार टाक्यांचं काम आहे," त्या म्हणाल्या. "बसता यायला लागलं की घेऊन या."

बुधवारी सकाळी त्यांना घरी रक्त गेलं. बरंच गेलं. भाचीने त्यांना गरम पाण्याने स्वच्छ केलं, आणि त्यात तिन्ही फुल्या गेल्या. हे मला नंतर कळलं. भाची म्हणाली होती, चल, जाऊन सांगू. मास्तरीणबाई म्हणाल्या, "आठवडा थांबवतील. आधीच सात महिने गेलेत." मग त्यांनी त्यांना जे येत होतं ते केलं. दुकानातल्या आरशासमोर उभ्या राहिल्या, गळ्यातली टेप काढली, आणि पाठ असलेल्या आकड्यांवर कापडावर खुणा करायच्या शाईने तीन फुल्या काढल्या. बेंबीपासून खाली आठ. हाडापासून खाली चार. आणि टेबलापासून वर अकरा हे काही जमेना, तेव्हा भिंतीला पाठ लावून भिंतीपासून अकरा मोजले. आकडा केसभरही चुकला नव्हता. चाळीस वर्षांच्या हाताने काढलेल्या रेघा होत्या त्या.

पण माप त्यांनी उभ्याने घेतलं होतं. झोपलेल्या माणसाचं पोट आणि उभ्या माणसाचं पोट ही दोन वेगळी पोटं. तीन वेळा उघडून शिवलेलं सैल पोट उभं राहिलं की खाली उतरतं, कातडं हाडावरून घसरतं. त्या टेबलावर येऊन झोपल्या तेव्हा त्यांच्या तिन्ही फुल्या कातड्याबरोबर डोक्याच्या बाजूला सरकलेल्या होत्या, दोन बोटं तरी, आणि कुशींच्या दोन्ही टेबलाकडे उतरल्याही होत्या.

मी रेघा बघितल्या आणि खूश झालो. काय सुरेख रेघा! आणि आता जे केलं ते लिहितानाही माझी मान खाली जाते. दार उघडं होतं. बाहेरच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "याला म्हणतात रेघा जपणं! शिका जरा यांच्याकडून."

मास्तरीणबाईंनी त्या दिवशी एकही गोष्ट सांगितली नाही. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

फुल्या लाल उजेडाशी जुळवल्या की टेबल किती उंचीवर आहे त्याचा आकडा भिंतीवरच्या पडद्यावर येतो. हा आकडा रोज साधारण तोच यायला हवा. सेंटिमीटरभरापेक्षा जास्त फरक पडला की थांबायचं, फोटो काढायचा, डॉक्टरबाईंना बोलवायचं. मास्तरीणबाईंचा आकडा होता बारा पूर्णांक चार. बुधवारी पडद्यावर आला तेरा पूर्णांक आठ.

मी तो बघितला. डोळे कमजोर होते, घाईत दिसला नाही, यातलं काही नाही. नीट बघितला. सकाळी दोन तास मशीन बंद पडलं होतं, बाहेर बाक भरून माणसं ताटकळत होती, त्यातली निम्मी माझ्याच नावाने खडे फोडत होती. फोटो म्हणजे पंधरा मिनिटं. आणि रेघा तर अशा की बघत राहावं. मला वाटलं, बाईंनी आज अंग आखडून घेतलं असेल. माझी जोडीदार, खात्यात सगळ्यात नवीन म्हणून आम्ही तिला धाकटी म्हणतो, पडद्याकडे पाठ करून कागद घेऊन उभी होती. मी मोठ्याने बोललो, "बारा पूर्णांक चार."

धाकटीने लिहिलं. आम्ही बाहेर आलो, दार लावलं, बटण दाबलं.

गुरुवारी पडद्यावर तेरा सात. मी बोललो बारा चार. एकदा बोललेलं दुसऱ्यांदा बोलायला तोंड चटकन उघडतं. शुक्रवारी तर मी पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो दिवस मला सगळ्यात जास्त छळतो, कारण न बघणं हे चूक कबूल करणंच होतं, आणि ते माझं मला माहीत होतं.

शुक्रवारी जाताना भाची मला म्हणाली, "काका, मावशीचं दुखणं वाढलंय. पोटही बिघडलंय, सारखं जावं लागतं."

"शेकाने होतं तसं," मी म्हणालो. "धीर धरायला शिका."

सोमवारी नियमाचा फोटो असतो, दर पाच शेकांनंतर. फोटो बघून डॉक्टरबाई खुर्चीतून उठल्या. शेक वर सरकला होता. गाठीचं खालचं टोक, तेच जे नसांना दाबत होतं, तीन दिवस जवळजवळ बाहेर राहिलं होतं, आणि ज्या आतड्याला काही द्यायचं नव्हतं त्याला मिळालं होतं.

आम्ही सगळे आत गेलो. मास्तरीणबाई टेबलावर तशाच झोपलेल्या होत्या, अंगावर चादर. डॉक्टरबाईंनी चादर बाजूला करून फुल्या बघितल्या, बोट फिरवलं. "ही आमची शाई नाही. कुणी काढल्या?"

"मी," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं. रक्त, गरम पाणी, आरसा, टेप.

"उभ्याने मोजलंत?"

"मापं उभ्यानेच घेतात ना," त्या म्हणाल्या. खरोखर बुचकळ्यात पडल्या होत्या. "झोपलेल्या माणसाचं माप कोण घेतं?"

डॉक्टरबाईंनी डोळे मिटले, उघडले. "मला सांगायचं होतंत. वीस मिनिटांचं काम होतं. हा काही कपडा नाही, उसवून परत शिवायला." आवाज चढलेला नव्हता, पण मास्तरीणबाईंचा चेहरा असा झाला की मी कागदात डोकं घातलं. आणि तेवढ्यात डॉक्टरबाईंनी तोच कागद माझ्या हातातून घेतला.

"पण उंची तर रोज बारा चार आहे. फुल्या एवढ्या हलल्या आणि उंची तीच? असं कसं?"

धाकटीने माझ्याकडे बघितलं. तिला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, देव जाणे. माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते हे: "पेशंटने स्वतःच्या हाताने रेघा ओढल्यावर आम्ही काय करणार? मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. डॉक्टरबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग मास्तरीणबाईंकडे वळल्या, "यांनी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

मास्तरीणबाई छताकडे बघत होत्या. पडदा डॉक्टरबाईंच्या पाठीमागे, त्यांच्या डोळ्यांसमोरच्या भिंतीवर होता. त्यावर आत्ताही ठळक आकड्यांत तेरा पूर्णांक सात होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "सांगितलं होतं. माझंच चुकलं."

फुल्या नव्याने काढल्या, झोपवून. डॉक्टरबाईंनी विचार करून पुढचे शेक आणखी दोन वाढवले, पोटाची औषधं लिहून दिली. ते सातही शेक मी दिले. एकेक आकडा असा बोललो की कोर्टात साक्ष देतोय. मास्तरीणबाई गप्प झोपायच्या, झालं की "येते" म्हणून जायच्या. मी एकदा म्हणालो, "कुणाचा खांदा वाकडा होता म्हणालात, त्याचं पुढे काय झालं?" त्या म्हणाल्या, "काही नाही."

त्या गेल्यावर मी मनाशी एक कथा रचली. या बाईने मला पदराखाली घेतलं. पडद्यावरचा आकडा तिने बघितला असणार, तरी माझी नोकरी वाचवली. केवढं मोठं मन! चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, माझ्या मनात तर दिवाळखोराच्या दिवाळीसारखा लख्ख उजेड पडला होता, सगळं दिसत होतं आणि हाती काही नव्हतं. पण मोठ्या मनाच्या बाईची ही कथा फार सोयीची होती. ती उराशी धरून मी झोपू शकत होतो. बायकोला सांगितली तीही अशीच, स्वतःचा खोटा आकडा वगळून. ती म्हणाली, "अशी माणसं असतात हो जगात." मी म्हणालो, "असतात."

सहा आठवड्यांनी भाची औषधांची चिठ्ठी न्यायला आली. "मावशी बसते आता," ती म्हणाली. "अर्धा तास, कधी पाऊण. गादीवर गादी घालून. आमची पहिली बाही झाली."

मला एवढा आनंद झाला की तो आनंद आहे की सुटका, हे मी बघायचं टाळलं. त्याच शनिवारी उसवलेल्या खिशाचा कोट पिशवीत घालून मी त्यांच्या दुकानात गेलो.

दुकान एका अरुंद गल्लीत, वर जिना आणि खाली हे. दारातच तो उंच आरसा. मास्तरीणबाई मशीनवर बसल्या होत्या, एका बाजूला जरा कलून, पण बसल्या होत्या. बाजूच्या स्टुलावर भाची, तिचा हात मावशीच्या हातावर. सुईखालून एक निळी बाही हळूहळू गोल फिरत होती. आणखी वाळल्या होत्या त्या. मला बघून मशीन थांबलं.

"या," त्या म्हणाल्या. "खिसा आणलात?"

मी कोट दिला. वाटेत घोकलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. "मास्तरीणबाई, त्या दिवशी तुम्ही मला सांभाळून घेतलंत. तुम्ही बोलला असता तर माझी धडगत नव्हती. तुमचं मन मोठं. हे उपकार मी विसरणार नाही."

त्यांनी बाहीत टोचलेली एक टाचणी काढली, तोंडात धरली, मग काढून उशीत खोचली. "सांभाळून कुठलं घेते मी? मला तुमची भीती वाटत होती."

मी उभाच होतो.

"अजून पाच दिवस तरी त्या टेबलावर तुमच्या हाताखाली झोपायचं होतं. दार लावून तुम्ही बाहेर आणि मी आत. तुमच्यावर राग ओढवून घेऊन मी तिथे कशी झोपले असते? माणूस वाकडा झाला की हात वाकडा होतो, आमच्या धंद्यात मी बघितलंय. म्हणून गप्प बसले. मन मोठं नव्हतं, पाचावर धारण बसली होती."

"मी तसं कधी केलं नसतं," मी म्हणालो.

"ते मला कसं कळणार? समोर भिंतीवर तेरा आठ लिहिलेलं आणि तुम्ही बारा चार म्हणून ओरडलात. पहिल्या दिवशी वाटलं, तुमच्यात वजा करत असतील काहीतरी. दुसऱ्या दिवशी कळलं." त्या भाचीकडे वळल्या. "आपल्याकडे ती लांब वेणीची मुलगी होती, आठवते? वाकून परत मोजायचा कंटाळा म्हणून मनाने माप सांगायची. तिला मी काय केलं?"

"काढून टाकलंस," भाची म्हणाली. माझ्याकडे न बघता.

"माझं चुकलं ते मी सगळ्यांसमोर सांगितलं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "उभ्याने मोजलं, अडाणीपणा झाला. पण आकडा मी खरा धरला होता. तुम्ही डॉक्टरबाईंना सांगितलंत?"

"नाही."

"तिथे रोज किती माणसं झोपतात?"

"तीस-पस्तीस."

त्यांनी कोट उचलला, खिशाची शिवण बघितली, घडी घातली आणि मशीनच्या बाजूच्या फळीवर ठेवला. "चार टाक्यांचं काम आहे. करून ठेवते. सांगितलंत की न्यायला या."

मग मशीन परत सुरू झालं. मला बसा म्हणायला त्या विसरल्या नव्हत्या. त्या म्हणाल्याच नाहीत.

घरी येताना मी ठरवलं होतं की सोमवारी सांगायचं. सोमवारी डॉक्टरबाई रजेवर होत्या. मंगळवारी त्यांच्या खोलीत सतत कुणीतरी होतं. पुढच्या आठवड्यात खात्याची तपासणी आली, आणि तपासणीच्या तोंडावर असलं काही काढणं बरं नाही, असं माझं मलाच पटलं. दुसरा कोट होता, तो घालत होतो. आकडे आता खरे बोलतोय ना, मग झालं, असं स्वतःला सांगत होतो. एकदा तर खोलीच्या दारापर्यंत जाऊन, चहा मागवू का, एवढंच विचारून परत आलो. असे दोन महिने गेले. लाज वाटायची, रोज वाटायची. पण लाज वाटणं आणि तोंड उघडणं यांत मी अख्खे दोन महिने घालवले.

मग एका दिवशी धाकटी आकडा बघत होती आणि मी लिहीत होतो. बाहेर गर्दी. तिने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, जरा थांबली, आणि बोलली. मी वळून पडदा बघितला. तिने सांगितलेला आकडा पडद्यावर नव्हता. ती माझ्याच आवाजात, माझ्याच ठसक्यात बोलली होती.

शेक थांबवला. पेशंटला परत जुळवलं. दुपारी डॉक्टरबाईंच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि दोन दिवस बघितलेले खरे आकडे, आणि तिसऱ्या दिवशी बघितलंच नव्हतं ते, सगळं सांगितलं. धाकटीचं नाव घेतलं नाही, तिला शिकवणारा मीच होतो. डॉक्टरबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. एवढंच विचारलं, "त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना माझ्यासमोर चूक कबूल करायला लावलीत तुम्ही?" मी हो म्हणालो. चौकशी बसेल, तोवर मशीनवर जायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. मला वाटलं होतं हलकं वाटेल. नाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी मला कामच नव्हतं. सकाळीच दुकानात गेलो.

मशीनवर भाची बसली होती. हातात बाही होती, आणि ती चुणी न पडता फिरत होती. बाजूचं स्टूल रिकामं. गादीवरची गादी घडी करून त्यावर ठेवलेली.

"मावशीला जाऊन बारा दिवस झाले," ती म्हणाली. "शेवटचा आठवडा सोडला तर रोज बसली. कधी दहा मिनिटं, पण बसली."

तिने फळीवरून कोट काढला. खिसा शिवलेला होता, बारीक, एकसारख्या टाक्यांनी. दुसरा खिसाही आतून पक्का केलेला.

"हा तिने बसून शिवला," भाची म्हणाली. "तुमची वाट बघायची ती. दारात कुणी आलं की विचारायची, फौजदार आले का?"

माझं हे नाव त्यांच्यापर्यंत पोचलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

"सांगितलंत म्हणालात तरच द्यायचा, असं बजावून गेलीय. सांगितलंत?"

"हो."

"कधी?"

कोट तिच्या हातात होता. उंच आरशात मी मला पायापासून डोक्यापर्यंत दिसत होतो.

"काल," मी म्हणालो.